लुगड्याआडची हमी

सिनेमातल्या समलिंगी आणि पारलिंगी पात्रांविषयी मराठीत बोलणं निघालं की अलीकडे एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस ज्याचा एवढा गाजावाजा केला, ते आपल्याकडे पूर्वापार चालत आलेलं आहे, असा तो युक्तिवाद. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत गावोगाव जत्रेला दशावतारी काला होतो. त्यात पुरुष द्रौपदी होतो, तारामती होतो, आणि सारा गाव पहाटेपर्यंत मांडी घालून बघतो. बालगंधर्वांच्या पदराची तऱ्हा पुण्या-मुंबईच्या कुलीन बायका उचलत. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांनी 'भावबंधन'मधली लतिका केली. तमाशात नाच्या आहे, यल्लम्माच्या वाटेवर जोगता आहे. म्हणजे आम्ही हे सगळं कधीच सामावून घेतलेलं आहे. बर्लिन आणि सॅन फ्रान्सिस्कोकडून आम्ही काय शिकायचं?

हा पूर्वपक्ष मांडणारी माणसं दुष्ट नाहीत, उलट बहुतेक भली आहेत. 'हे सगळं परदेशी थेर' असं म्हणून मोकळ्या होणाऱ्यांची तोंडं बंद करायला त्यांना एक देशी पुरावा हवा असतो आणि दशावतार तो आयता पुरवतो. पण चांगल्या हेतूने दिलेली साक्षसुद्धा उलटतपासणीत टिकावी लागते. ही टिकत नाही. शिवाय तिच्यामुळे मराठीकडे खरोखर असलेला पुरावा झाकला जातो.

आधी दशावताराचं बघू. सुर्ल्यासारख्या गावात राहून मी हा प्रकार कमी लेखणार नाही. डिचोली आणि पेडणे हे दोन्ही महाल पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. राज्य तुटलं, पण जत्रांचा धागा तुटला नाही. अजूनही वेंगुर्ला-कुडाळकडची मंडळं पत्रादेवीचा नाका ओलांडून पेटारे घेऊन येतात. लिखित संहिता नाही. आख्यान कुठलं ते ठरलं की बाकी सगळं नटाच्या जिभेवर. आडदसरात, म्हणजे पूर्वरंगात, संकासुर हसवून जातो, मग पायपेटी आणि मृदंगावर खरं नाटक उभं राहतं. त्यात स्त्रीपार्ट करणारा नट पुराणातल्या राणीचं दुःख अशा काही तोलाने मांडतो की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावतात. हे कौशल्य मोठं आहे, आणि ते पिढ्यानपिढ्या घोटलेलं आहे.

आता या नटाची स्तुती कशी होते ते ऐका. पहिलं वाक्य असतं, बाई म्हणून उभा राहिला तर ओळखू यायचा नाही. आणि त्याला लागूनच दुसरं येतं: घरी मात्र जोत धरतो, दोन मुलांचा बाप आहे. भीमाचं काम करणाऱ्याला हे दुसरं वाक्य कधी लागत नाही. तो घरी नांगर धरतो की शिंप्याचं दुकान चालवतो, याची चौकशी कुणी करत नाही. स्त्रीपार्टीच्या बाबतीत मात्र लुगड्याआड एक हमी लागते. ती मिळाली की रात्रभर मन लावून बघता येतं. मिळाली नाही तर तोच गाव त्याच अंगविक्षेपांवर शीळ घालतो. ज्याला आपण परंपरेचा स्वीकार म्हणतो तो सोंगाचा स्वीकार आहे. सोंग उतरवल्यानंतरही ज्याच्या अंगात काही शिल्लक राहतं, त्या माणसाविषयी दशावतार काहीच बोलत नाही. त्याने बोलायला हवं होतं असंही नाही. पुराणकथा सांगणं हे त्याचं काम. पण जे त्याने सांगितलंच नाही ते त्याच्या तोंडी घालून आपण पाठ थोपटून घेऊ नये.

(जाता जाता एक नोंद. पौषात मांडावर धालो खेळणाऱ्या बायकाही पुरुषांची सोंगं घेतात, तेही पुरुषांना मज्जाव करून. 'देशी परंपरा' सांगणाऱ्या लेखांत त्यांचा उल्लेख शोधून सापडत नाही. लुगड्यातला पुरुष ही सांस्कृतिक घटना, आणि धोतरातली बाई ही नुसती गंमत!)

या स्वीकाराची परीक्षा खुद्द सिनेमानेच घेतलेली आहे, तीही अगदी आरंभी. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली तारामती झाले ते अण्णा साळुंके, कारण कॅमेऱ्यापुढे यायला बाई मिळेना. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोघेही साळुंकेच. पण दरम्यान 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या होत्या. पुढे बायका मिळू लागल्या तसे पडद्यावरचे स्त्रीपार्टी हटले, आणि त्यांच्यासाठी कुणी अश्रू ढाळल्याची नोंद नाही. बालगंधर्व १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त आले ते एकनाथ म्हणून, पुरुषवेषात. दोन वर्षांनी 'साध्वी मीराबाई'त ते मीरा झाले, तर ज्या प्रेक्षकाने त्यांना रंगभूमीवर डोक्यावर घेतलं होतं त्यालाच ते पडद्यावर रुचलं नाही. लिंगभेदापलीकडे बघण्याची काही खोल दृष्टी या प्रथेमागे असती, तर नट्या आल्याबरोबर ती अशी विरली नसती. ती गरजेची सोय होती. तिच्यातून थोर कला निपजली, हा आपला भाग्ययोग. सोयीतून थोर कला निपजणं नवीन नाही, पण म्हणून सोयीला तत्त्वज्ञान म्हणता येत नाही.

मग मराठी पडद्यावर या वाटेने कोण उरला? नाच्या उरला. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तमाशापटांमागून तमाशापटांत तो इतका बेमालूम रंगवला की साठ-सत्तरच्या दशकांतल्या मराठी प्रेक्षकाला बायकी पुरुष म्हटलं की दुसरा चेहरा आठवत नसे. वास्तविक ते कसलेले नट होते. पण तो शिक्का त्यांच्या अंगाला असा चिकटला की पडद्याबाहेरही टोमणे सुटले नाहीत, आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. पूर्वपक्षाला माझा साधा प्रश्न आहे. सामावून घेणारा समाज असा वागतो का? दशावतारातल्या नटाला हमी मिळत होती, कारण गाव त्याचं घर ओळखत होतं. गणपत पाटलांचं घर ओळखत नसलेल्या लाखोंपुढे तीच भूमिका गेली, आणि हमी तुटताच आदरही संपला.

हॉलिवुडमध्येही असाच एक प्राणी होता: लाडीक बोलणारा, हातवारे करणारा, विनोदापुरता येऊन जाणारा. व्हिटो रूसो यांनी 'द सेल्युलॉइड क्लोझेट' या १९८१ च्या पुस्तकात त्याची पद्धतशीर वंशावळ लावली. नीतिसंहितेच्या काळात, म्हणजे १९३४ पासून साठीच्या दशकाच्या अखेरपर्यंत, अमेरिकी पडद्यावर उघड बोलायची बंदी असताना हे पात्र हसण्याच्या परवान्यावर जगलं. आपला नाच्या असाच परवान्यावर जगला. त्याला परंपरेचं वैभव म्हणणाऱ्यांनी रूसोंचं पुस्तक चाळावं. आपल्या वैभवाच्या प्रती परदेशातही निघत होत्या हे कळेल.

पुढे मराठी सिनेमाने नाच्याची आणि जोगत्याची कहाणी गांभीर्याने सांगितली, हे खरं. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा 'नटरंग' आणि राजन गवस, चारुता सागर यांच्या लेखनावर उभा राहिलेला 'जोगवा' हे दोन्ही प्रामाणिक चित्रपट आहेत. पण दोन्हींत हमी कशी ठासून भरली आहे ते पाहा. 'नटरंग'चा गुणा आधी पैलवानी देहाचा दाखवायचा, मग तो देह झिजवून नाच्या करायचा. अतुल कुलकर्णींनी त्यासाठी शरीर कसं कमावलं आणि कसं उतरवलं हीच चित्रपटाची सर्वांत गाजलेली बातमी ठरली. 'जोगवा'तल्या तायप्पाला लुगडं नेसवलं जातं ते जबरदस्तीने, त्याचं मन सुलीवर असतं, आणि ते लुगडं टाकून देण्यातच कथेची सुटका आहे. म्हणजे प्रेक्षकाची सहानुभूती कुणासाठी? बाईपण लादलं गेलेल्या पुरुषासाठी. ज्याच्यावर ते लादलेलं नाही, जो आपखुषीने तसा आहे, तो या दोन्ही चित्रपटांत चौकटीबाहेरच उभा. तायप्पा झालेल्या उपेंद्र लिमयेंना मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार योग्यच होता. माझा आक्षेप अभिनयावर नाही. आक्षेप आहे तो या चित्रपटांना 'समलिंगी विषयावरचे मराठी चित्रपट' म्हणून यादीत घालणाऱ्यांवर. ते चित्रपट नेमकं त्याच्या उलटं सांगतात: याला तसा समजू नका.

इथे पूर्वपक्षाचा सर्वांत जाणता वकील उठेल आणि चेन कायगे यांचा 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन' पुढे करील. १९९३ मध्ये या चिनी चित्रपटाला कान महोत्सवात 'द पियानो'बरोबर विभागून सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पेकिंग ऑपेरातला स्त्रीभूमिका करणारा नट हाच त्याचा नायक. म्हणजे आपल्या स्त्रीपार्टीचा सख्खा चुलतभाऊच जागतिक सिनेमाच्या ऐन मांडवात येऊन बसला! पणजीच्या महोत्सवाला जाणारा आमच्याकडचा रसिक हा चित्रपट बघून आला की दशावताराकडे नव्या डोळ्यांनी बघू लागतो, हेही मला ठाऊक आहे.

पण चित्रपट काय सांगतो? लेस्ली चुंगने साकारलेला दिए-यी रंगमंचावर राजाची लाडकी राणी असतो. राजाचं काम करणारा त्याचा बालमित्र शिआओलौ रंगमंचाबाहेर येतो, तोंड धुतो आणि लग्न करतो. तो दिए-यीला हेच समजावत राहतो की नाटक नाटकापुरतं. दिए-यीला ते जमत नाही, कारण त्याचं प्रेम मुखवट्याबरोबर उतरत नाही. जपानी आक्रमण, राष्ट्रवादी, साम्यवादी, सांस्कृतिक क्रांती, सत्ता बदलत जाते, आणि प्रत्येक सत्तेला त्याची कला हवी असते, तो नको असतो. परंपरेने कलावंताला दिलेली मुभा आणि माणसाला नाकारलेली जागा यांतलं अंतर हाच त्या चित्रपटाचा विषय. तेव्हा हा साक्षीदार पूर्वपक्षाने बोलावला खरा, पण त्याची साक्ष माझ्या बाजूने पडते. सोंग संपल्यावर उरणाऱ्या माणसाबद्दल बोलायचं, तर सोंगाची परंपरा पुरत नाही, हे चेन कायगे यांनी त्या परंपरेच्या आत शिरून दाखवलं.

आणखी एक पोटयुक्तिवाद असतो: लाज इंग्रजांनी आणली, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या त्यांच्या ३७७ कलमाने. बाकी हिंदुस्थानाबाबत त्यात तथ्य असेल. पण १८६० ची ती दंडसंहिता डिचोली-पेडण्याला लागू नव्हती. ती इथे आली १९६१ नंतर, मुक्तीपाठोपाठच्या भारतीय कायद्यांबरोबर. तोवर इंग्रजी लाजेपासून आम्ही शंभर वर्षं मोकळे होतो म्हणायचं. पोर्तुगीज धर्मन्यायालयाची लाज वेगळी होती आणि ती जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागात, अधिक खोल गेली. तरी त्या दोन्हींच्या कडेला राहिलेल्या आमच्या भागात काही निराळा मोकळेपणा नांदत होता असं कुणी दाखवून दिलेलं नाही. परकी सत्ता हे फार सोयीचं कारण असतं, शिंकेपासून दुष्काळापर्यंत कुठेही चालतं.

खंडन इथवर. आता मंडन, कारण मराठीकडे या बाबतीत काहीच नाही असं मला मुळीच म्हणायचं नाही. आहे, आणि चांगलं घसघशीत आहे. फक्त ते जत्रेच्या मांडवात नाही. ते १९८१ ते १९८४ या चार वर्षांत आहे.

१९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. विनय आपटे यांचं दिग्दर्शन, रोहिणी हट्टंगडी यांची सुमित्रा ऊर्फ मित्रा. काळ स्वातंत्र्याआधीचा, जागा पुण्याचं कॉलेज. या नाटकातही वेषांतर आहे, आणि म्हणूनच ते आपल्या वादाच्या मुळाशी जातं. कॉलेजच्या नाटकात मित्रा पुरुषाची भूमिका करते, समोर नायिका असते नमा. दशावताराचा नियम लावला तर पडदा पडला की प्रकरण मिटायला हवं. तेंडुलकर तिथूनच नाटक सुरू करतात. पुरुषवेष उतरवूनही मित्राच्या मनात नमा राहते. त्याआधी स्वतःला 'ठीकठाक' करायचा तिचा एक प्रयत्न फसलेला असतो, आणि ती ते आपल्या मित्राला, बापूला, स्वतःच्या तोंडाने सांगते. प्रेक्षकाला कसलीही हमी नाही. घरी जोत धरते, दोन मुलांची आई आहे, असलं दुसरं वाक्य तेंडुलकर तिला देत नाहीत.

पुढच्याच वर्षी 'उंबरठा' आला. शांता निसळ यांची 'बेघर' ही कादंबरी, पटकथा पुन्हा तेंडुलकरांचीच, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल, सुलभा महाजन या महिलाश्रमाच्या अधीक्षिकेच्या भूमिकेत स्मिता पाटील. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, म्हणजे एकेकाळच्या लतिकेच्या, मास्टर दीनानाथांच्या, मुलाचं. आश्रमातल्या दोन बायकांचं एकमेकींशी असलेलं नातं उघडकीला येतं, गदारोळ होतो. सुलभा महाजन त्यांना शिक्षेपासून वाचवू बघते, पण तिच्या लेखी हा मानसिक आजार आहे, त्यावर उपचार हवेत. आज हे कानाला खुपतं. तरी त्या चित्रपटात या दोघींना नाव-गाव असलेली माणसं म्हणून जागा आहे. त्या हसण्यावारी नेण्यासाठी नाहीत, पुराणकथेतल्या नाहीत, आणि कुणी त्यांना जबरदस्तीने तसं केलेलं नाही. मराठी पडद्यावर हे पहिल्यांदा घडत होतं. चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'सुबह' नावाने त्याची हिंदी आवृत्तीही निघाली.

तिसरं उदाहरण १९८४ चं. महेश एलकुंचवारांच्या 'होळी' या नाटकावर केतन मेहतांनी हिंदीत चित्रपट केला. वसतिगृहातल्या पोरांचा सुट्टी नाकारलेला सणाचा दिवस, साचलेला संताप, आणि तो शेवटी ज्याच्यावर उतरतो तो आनंद नावाचा मुलगा. त्याचा पुरुषीपणा संशयास्पद, म्हणून तो सोपा बळी. झुंड त्याला गळफासापर्यंत नेते. नागपूर-विदर्भाच्या मातीतल्या नाटककाराने कुठल्याही चळवळीचा आधार नसताना, पुरुषी टोळक्याची ही बनावट ओळखली होती.

यावर आक्षेप येणार तो मला दिसतो आहे. मित्रा शेवटी आत्महत्या करते, आनंद मरतो, 'उंबरठा'तल्या दोघी रोगी ठरतात. यात कसलं मंडन? समलिंगी माणूस दाखवायचा तो मारायलाच, ही तर जुनी चाल. आक्षेप रास्त आहे. पण मग त्याच मापाने त्याच वर्षांचं जग मोजा. 'उंबरठा'च्या वर्षी, १९८२ मध्ये, हंगेरीच्या कारोय मक्क यांचा 'अनदर वे' कान महोत्सवात होता. दोन स्त्री पत्रकारांचं प्रेम, पार्श्वभूमी १९५६ च्या उठावानंतरच्या दडपणाची. शेवटी एकीला तिच्या नवऱ्याच्या गोळीने अपंगत्व येतं, दुसरी सरहद्दीवर पहारेकऱ्यांच्या गोळीने मरते. अभिनयाचं पारितोषिक यादविगा यान्कोव्स्का-चेश्लाक या पोलिश अभिनेत्रीला. त्याआधी १९७५ मध्ये जर्मन दिग्दर्शक फासबिंडरच्या चित्रपटातला फॉक्स लुबाडला जाऊन भुयारी स्टेशनावर मरून पडतो. १९९३ च्या 'फिलाडेल्फिया'चा नायक एड्सने जातो, १९९९ च्या 'बॉइज डोन्ट क्राय'मधला ब्रँडन खुनाने. आणि दिए-यी? लिलियन लीच्या मूळ कादंबरीत तो जगतो. चित्रपटात मात्र तलवार मानेवर ओढतो. मरण हे त्या काळच्या जागतिक सिनेमाचं सर्वमान्य व्याकरण होतं. ते व्याकरण वापरल्याबद्दल हंगेरीला धाडसी म्हणायचं आणि मराठीला मागासलेलं, हा न्याय कुठला?

व्याकरण मोडणारे होते, पण थोडे. हनीफ कुरेशींनी लिहिलेल्या 'माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट'मध्ये १९८५ साली लंडनमधला पाकिस्तानी वंशाचा ओमर आणि त्याचा गोरा मित्र जॉनी मार खातात, पण जगतात आणि शेवटी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत असतात. पूर्व जर्मनीचा 'कमिंग आउट' हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तो ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी, म्हणजे बर्लिनची भिंत पडली त्याच रात्री. त्यातला शिक्षकही जगतो. प्रेक्षक चित्रपटगृहातून बाहेर पडले तर रस्त्यात इतिहास उभा.

आपल्याकडे हे व्याकरण 'फायर'ने मोडलं, आणि तिथे दुसरा प्रचलित समज येतो: विषय पहिल्यांदा दीपा मेहतांनी आणला, म्हणून दंगा झाला. सन लक्षात घ्या. चित्रपट १९९६ चा, भारतात लागला नोव्हेंबर १९९८ मध्ये. सेन्सॉरने कात्री न लावता पाठवलेला. तीन आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला मुंबईत शिवसैनिकांनी चित्रपटगृहांवर हल्ले केले, दुसऱ्या दिवशी दिल्लीत. ज्या मुंबईत सोळा वर्षांपूर्वी 'उंबरठा' बघून प्रेक्षक गंभीर चेहऱ्याने घरी गेले होते, तीच ही मुंबई. दोन्ही चित्रपटांत दोन बायका आहेत. दंग्याचं कारण विषय असता तर तो १९८२ मध्येच व्हायला हवा होता. फरक शेवटात आहे. 'उंबरठा'तल्या दोघी आश्रमाच्या भिंतीआड, आजारी म्हणून. 'फायर'मधली राधा एकत्र कुटुंबाच्या स्वयंपाकघरात असते, पदराला आग लागूनही वाचते आणि दर्ग्यात वाट बघणाऱ्या सीतेपाशी जाऊन पोचते. आजारी चालतं, मेलेलं तर फारच चालतं. राहतं घर सोडून दोघींनी जिवंत निघून जाणं चालत नाही. त्या दगडफेकीने संस्कृतीचं काय रक्षण झालं माहीत नाही, पण कोणता शेवट समाजाला सोसत नाही हे तिने समीक्षकांपेक्षा चोख दाखवून दिलं. आणि हे करणारे 'आमच्या परंपरेत हे नाही' असं म्हणत होते, तर त्यांना उत्तर देणारे आमचे मित्र 'आमच्या परंपरेत हे सगळं आहे' म्हणत होते. 'मित्राची गोष्ट' दोघांनाही आठवली नाही.

तरी मराठीच्या पदरात एक उणेपण उरतंच, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. मित्राची गोष्ट सांगतो बापू. 'उंबरठा'तल्या दोघींकडे आपण सुलभाच्या डोळ्यांनी बघतो. अमोल पालेकरांचा 'थांग' २००६ चा, तोही नवऱ्याचं नातं कळलेल्या बायकोच्या बाजूने उलगडतो. भला, समंजस, हळहळणारा साक्षीदार मधे असल्याशिवाय आपली कथा त्या माणसापर्यंत जातच नाही. हाही केवळ आपला दोष नव्हे. क्युबाच्या 'स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट'मध्ये कलाप्रेमी दिएगोकडे आपण कम्युनिस्ट विद्यार्थी डेव्हिडच्या नजरेने बघतो. 'फिलाडेल्फिया'त तर पूर्वग्रह बाळगणारा वकीलच प्रेक्षकाचा हात धरून नेतो. पण बाहेरच्या जगात त्याच दशकांत फासबिंडर होते, डेरेक जार्मन होते, शांताल आकेरमान होत्या, स्पेनमध्ये आल्मोदोवार होते. बाहेरून सांगणारे आणि आतून सांगणारे एकाच वेळी काम करत होते. मराठीत तेंडुलकर आणि एलकुंचवार होते, आतून सांगणारं कुणी उघड पुढे आलं नव्हतं. ३७७ च्या सावलीत येणं सोपंही नव्हतं. मुंबईत अशोक राव कवींचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० मध्ये निघालं ते इंग्रजीकडे झुकलेलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 'समपथिक' ही संस्था उभी केली आणि मराठीतून लिहायला घेतलं, तोवर शतक उलटलं होतं.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ मध्ये आली आणि पहिल्यांदा बापू नाहीसा झाला. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, वरच्या खोलीत आलेला भाडेकरू, त्याच्यावर जीव लावून बसलेले बहीण आणि भाऊ, आणि दोघेही आपापली गोष्ट आपल्याच तोंडाने सांगतात. भाऊ मरत नाही, आजारी पडत नाही, कुणाकडून समजून घेतला जाण्याची वाट बघत नाही. मराठी गद्यात हे घडायला तेंडुलकरांनंतर पंचवीस वर्षं लागली. दशावताराला शेकडो वर्षं होती आणि ते त्याच्याकडून होणारच नव्हतं. कुंडलकरांनीच पुढे या कादंबरीवर चित्रपट केला. तो २०२२ मध्ये आला, हिंदी-इंग्रजीत, आणि कथा पुण्याहून कोचीला नेलेली. निर्मितीची कारणं काहीही असोत, त्या घरातलं मराठी बोलणं पडद्यावर अजून ऐकू आलेलं नाही.